मापात पाप कोणाचे?

पक्षाच्या साप्ताहिकात ब्रेसियरच्या मापाविषयी लेख पाहून काही सहकारी नाक मुरडतील. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव असे प्रश्न आ वासून उभे असताना निवृत्त प्राध्यापिकेला हे काय सुचले, असेही कोणी म्हणेल. त्यांना माझा एकच सवाल आहे. सावकार धान्य उसने देताना लहान पायली वापरीत असे आणि वसूल करताना मोठी. तो प्रश्न राजकीय होता की नव्हता? बाजार समितीच्या आवारात काट्यावरची लबाडी आणि 'कटती'च्या नावाखाली चालणारी लूट ह्यांविरुद्ध शेतकरी उभा राहतो, तो कशासाठी? ज्याच्या हाती माप, त्याच्या हाती बाजार, हे तत्त्व ज्वारीला लागू पडते आणि बाईच्या अंगावरच्या कपड्याला लागू पडत नाही, असे मानण्यास अर्थशास्त्रात काही आधार असेल तर तो मला आयुष्यभर शिकवूनही आढळलेला नाही.

विषय 'नाजूक' आहे, हा दुसरा आक्षेप. ह्या महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढले आणि १९५३ साली डोळे मिटेपर्यंत एकहाती चालविले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले. शरीराविषयी शास्त्रशुद्ध बोलण्याचा हक्क आपल्याकडे असा भांडून मिळविलेला आहे. आणि स्वयंपाकघरातले लाटणे १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर ह्यांच्यामागे रस्त्यावर आले, तेव्हा लाटणे हा राजकारणाचा विषय कसा, असे विचारणारे थोडे का होते? लाटण्याला जी प्रतिष्ठा मिळाली, ती शिंप्याच्या टेपला का मिळू नये?

ह्या नाजूकपणाची किंमत कोण मोजते, ते पाहू. चाळीत असो की वाड्यात, बायका ब्रेसियर वाळत घालतात ती साडीच्या किंवा टॉवेलच्या पदराआड. ऊन लागले नाही तरी चालेल, पण दिसता कामा नये. ज्या वस्तूला ऊन दाखविण्याची लाज, तिच्याविषयी दुकानात चार प्रश्न कोण विचारणार? मुलगी वयात आली की आई अंदाजाने एक आकडा ठरविते. तोच आकडा मुलगी पन्नाशीपर्यंत वागविते. दरम्यान बाळंतपण होते, मूल अंगावर पिते, वजन वाढते किंवा घटते, पाळी जाते. शरीर दहा वेळा बदलते. आकडा मात्र देवघरातल्या टाकासारखा जागच्या जागी. माप चुकीचे असेल तर पट्टा बरगड्यांत रुततो किंवा पाठीवर वर चढतो, खांद्यांवर वळ उठतात, घामाने स्तनांखालची कातडी सोलवटते. आणि हे सारे 'बाईच्या जन्माला आले की व्हायचेच' ह्या खाती जमा होते.

आता दुकानात चला. गल्ल्यापलीकडे बहुधा पुरुष विक्रेता. तो एक नजर टाकतो आणि फळीवरून एक खोका काढतो. घालून पाहण्याची सोय पुष्कळ ठिकाणी नसते, आणि भिंतीवर पाटी असते की, 'अंतर्वस्त्रे बदलून मिळणार नाहीत'. आठवड्याच्या बाजारात तर खोकाही नाही. ढिगावर एक आकडा असतो, अक्षराचा पत्ता नसतो. ह्या सौद्याचे अर्थशास्त्र उघडे आहे. माप चुकल्याचा सगळा तोटा एकट्या गिऱ्हाइकाच्या पदरात. जॉर्ज अकेरलॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला अज्ञात, अशा मालाचा बाजार सडत जातो. इथे तर त्याहून विलक्षण प्रकार आहे. इथे विकणाऱ्यालाही माहीत नसते आणि घेणारीलाही! माहीत करून घेणे ज्या एकीला शक्य आहे ती घेणारी. कारण शरीर तिचे आहे.

म्हणून घरच्या घरी माप कसे घ्यावे, हे ह्या पानावर सरळ सांगते. साहित्य म्हणजे एक इंची टेप. तो नसेल तर न ताणला जाणारा दोरा आणि मुलांच्या दप्तरातली फूटपट्टी. अंगावर काही नको, किंवा फार तर अस्तर-गादी नसलेले पातळ वस्त्र असावे. पहिले माप स्तनांच्या लगेच खाली, बरगड्यांभोवती. टेप पाठीमागे खाली घसरू देऊ नये किंवा वर चढू देऊ नये. तो जमिनीला समांतर राहिला पाहिजे. त्यासाठी आरशासमोर उभे राहावे, किंवा बहिणीला, मैत्रिणीला पाठीमागून पाहण्यास सांगावे. श्वास सोडून टेप अंगालगत, पण न रुतता धरावा. हा आकडा लिहून ठेवावा. दुसरे माप स्तनांच्या सर्वांत भरलेल्या भागावरून. इथे टेप आवळावयाचा नाही, नुसता टेकवावयाचा. स्तन ओघळलेले असतील तर उभ्याने एकदा आणि कमरेत वाकून एकदा असे मोजावे व दोहोंची सरासरी धरावी. पाळीच्या आधी काही जणींना सूज येते. ते दिवस टाळावेत. दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये लिहावीत. एवढेच. पाच मिनिटांचे काम आहे.

पण पाच मिनिटांचे हे काम झाले की खरा घोळ सुरू होतो, आणि माझ्या लेखाचे कारणही तेच आहे. समजा, एका बाईचे बरगड्यांचे माप ७९ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३१ इंच आले. आणि छातीचे ९२ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३६ इंच. आता तिचा 'साइझ' कोणता? एक रीत अशी की, बरगड्यांच्या इंचांत चार किंवा पाच मिळवून सम आकडा करावयाचा. ३१ आणि ५ मिळून ३६. छातीही ३६, फरक जवळजवळ नाही. म्हणून लहानात लहान वाटी, ३६ ए. युरोपच्या सेंटिमीटरच्या तक्त्यातही तिला ८० ए मिळते, आणि ८० चा पट्टा आपल्या दुकानात ३६ म्हणूनच ओळखला जातो. दुसरी रीत म्हणते, काही मिळवू नका. ३१ ला जवळचा सम आकडा ३२ धरा. ३६ मधून ३२ गेले, उरले ४. एका इंचाला ए, दोनाला बी, तिनाला सी, चाराला डी. म्हणजे तीच बाई ३२ डी! एकच शरीर, एकच टेप, एकच सकाळ; आणि दोन उत्तरे.

ह्यांतली कोणती रीत खरी, असा प्रश्न विचारणे व्यर्थ आहे. आपापल्या तक्त्यापुरत्या दोन्ही खऱ्या आहेत. पट्ट्याचे कापड फारसे ताणले जात नसे त्या काळात चार इंच मिळविण्याचा रिवाज पडला. पुढे लवचीक कापड आले, तरी कित्येक कंपन्यांच्या खोक्यांवर जुना आकडा राहिला, आणि कित्येकांनी तो सोडला. पाप आहे ते भेसळीत. एका रीतीने घरी काढलेला आकडा दुसऱ्या रीतीने शिवलेल्या खोक्यावर लावला की फजिती ठरलेली. वरच्या उदाहरणातली बाई '३२' म्हणून युरोपी हिशेबाचा पट्टा घेऊन आली, तर तो ७० सेंटिमीटरच्या बरगड्यांसाठी शिवलेला असेल. तिच्या बरगड्या ७९ च्या. श्वास कोंडेल, आणि ती स्वतःच्या देहालाच दोष देईल.

पोलंडचे अर्थेतिहासकार विटोल्ड कुला ह्यांनी १९७० साली मापांच्या इतिहासावर एक मोठा ग्रंथ लिहिला. सरंजामी युरोपात जमीनदार मापाचे नाव कायम ठेवीत आणि भांडे मोठे करीत, हे त्यांनी कागदपत्रांनिशी दाखविले. कुळाला वाटे, आपण आज्याइतकेच धान्य घालतो. भरले जाई मात्र जास्त. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीपूर्वी गावोगावच्या तक्रारवह्यांत 'सर्वत्र एकच माप हवे' ही मागणी पुन्हा पुन्हा आली, ती ह्याच अनुभवातून. आणि दशमान मापे त्या मागणीच्या पोटी जन्माला आली. आज ब्रेसियरच्या खोक्यावरचा '३४' हा आकडा असाच आहे. नाव कायम, भांडे कंपनीगणिक वेगळे. डी च्या पुढे तर अक्षरांचाही मेळ नाही. कोणी डबल डी म्हणतो, कोणी ई. इंच म्हणावे तर तो धड बरगड्यांचा नाही आणि धड छातीचा नाही. ज्या आकड्याने काहीच मोजले जात नाही, त्याला माप म्हणणे ही भाषेचीसुद्धा फसवणूक आहे.

ही अक्षरे कोणत्या शास्त्रपीठाने ठरविली? १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या कंबरपट्टे आणि अंतर्वस्त्रे विकणाऱ्या कंपन्यांनी ती बाजारात आणली. अमेरिकन सरकारने १९३९-४० मध्ये तयार कपड्यांसाठी सुमारे १५,००० स्त्रियांची मापे घेतली, प्रत्येकीची ५९. सार्वजनिक पैशातून झालेले ते मोठे काम होते. पण तक्ते करताना गोऱ्या स्त्रियांचीच मापे धरली गेली. त्यावर बेतलेले प्रमाणमाप १९५८ साली जाहीर झाले आणि १९८३ साली मागे घेतले गेले. त्यानंतर तिथे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने आकडे लावू लागली. गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून मोठ्या कपड्यावर लहान आकडा छापण्याचा धंदाही तिथलाच. सरकारने हात काढून घेतला की 'मुक्त बाजार' माप कसे ठेवतो, ह्याचा हा धडा आहे.

आपल्याकडे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने 'इंडियासाइझ' नावाने भारतीय देहांची मापे घेण्याचे काम हाती घेतले. १५ ते ६५ वयाच्या सुमारे २५,००० स्त्री-पुरुषांची मापे यंत्राने घ्यावयाची, असा संकल्प होता. संकल्पाचे स्वागतच आहे. परंतु त्यासाठी निवडलेली ठिकाणे सहा, आणि सहाही शहरे. उसाच्या फडात मोळी डोक्यावर घेणाऱ्या बाईचे, भाताच्या खाचरात दिवसभर वाकणाऱ्या बाईचे शरीर ह्या सरासरीत कुठे बसणार? गोऱ्या स्त्रियांच्या मापाने सर्वांचे कपडे बेतण्यात अमेरिकेने जी चूक केली, ती शहरी मापाने आपण करू नये, असे सांगणारे कोणी संसदेत दिसत नाही.

आणखी एका आकड्याचा समाचार घेतला पाहिजे. 'शंभरांतल्या ऐंशी बायका चुकीचे माप वापरतात', असे जाहिरातींतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. त्यामागची पाहणी किती बायकांची, कोणत्या देशातली, आणि 'बरोबर' कोणत्या तक्त्याप्रमाणे, हे जाहिरात सांगत नाही. पण वादापुरता तो आकडा खरा धरू. वर्गातले शंभरांपैकी ऐंशी विद्यार्थी नापास झाले, तर आपण विद्यार्थ्यांना मूर्ख म्हणतो की प्रश्नपत्रिका तपासतो? ऐंशी बायकांना ज्या पद्धतीत आपले माप सापडत नाही, ती पद्धतच नापास आहे. कंपनी मात्र दोष बाईच्या पदरात घालते, आणि उपाय म्हणून आणखी महागडी ब्रेसियर दाखविते.

आपल्या चळवळीतूनही एक आक्षेप येईल, तो मला अधिक गंभीर वाटतो. हे मध्यमवर्गीय बायकांचे लाड आहेत, कष्टकरी बाईला ह्याचे काय, असे काही कार्यकर्ते म्हणतील. मी उलट म्हणते. सुखवस्तू बाई चार ब्रेसियर विकत घेते, तीन फेकून देते आणि चौथी वापरते. चुकीची खरेदी फेकून देण्याची ऐपत हाच तिचा विमा. धुणीभांडी करणारी, पाटी उचलणारी, घरोघर पायपीट करणारी आशा सेविका, गर्दीच्या गाडीत दिवसभर उभी राहणारी कंडक्टर, ह्यांना चुकीचा नग वर्षभर अंगावर वागवावा लागतो, आणि तोही अंगमेहनत करीत. माप चुकल्याचा भार उत्पन्नाच्या उलट्या प्रमाणात पडतो, अप्रत्यक्ष करासारखा. कोणी ब्रेसियर घालावीच, असे माझे म्हणणे नाही. न घालणे हाही तिचाच अधिकार. घालावयाची असेल तर ती अंगाला शिक्षा होऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट प्रत्येकीने करावयाची. दुकानदाराने दिलेला 'साइझ' विसरून जा. आपली दोन मापे सेंटिमीटरमध्ये लक्षात ठेवा. वर्षातून एकदा आणि प्रत्येक बाळंतपणानंतर ती पुन्हा घ्या. दुकानात कंपनीचा तक्ता मागा आणि त्यात ही दोन मापे कुठे बसतात ते पाहा. घातल्यावर चार गोष्टी तपासा. नवी असताना सर्वांत सैल हुकावर पट्टा नीट बसला पाहिजे, कारण पुढे तो सैलावतो. पट्ट्याखाली दोन बोटे जावीत, मूठ नव्हे. पट्टा पुढून-मागून सारखा आडवा राहावा. वजन पट्ट्याने पेलावयाचे असते, खांद्यावरच्या बंदांनी नव्हे. आणि वाट्यांतून अंग बाहेर फुगू नये, किंवा वाटी सुरकुतू नये. ह्या चार कसोट्यांपुढे खोक्यावरचा कोणताही आकडा गौण आहे.

पण एकटी बाई माप घेऊन दुकानात गेली आणि 'ह्या मापात येत नाही' असे उत्तर मिळाले, तर तिचे ज्ञान तिच्यापाशीच राहते. म्हणून दुसरी गोष्ट संघटनेची. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेकडो कुटुंबांच्या मागण्या एकत्र करून सामूहिक खरेदी करीत आली आहे. आपल्या महिला आघाडीने आणि बचत गटांनी तोच धडा गिरवावा. बैठकीत टेप न्यावा, पुरुष कार्यकर्त्यांना बाहेर चहा करण्यास बसवावे, आणि बायकांनी एकमेकींची मापे घ्यावीत. नावे न लिहिता मापांची यादी करावी. चाळीस बायकांची यादी हातात असली की तालुक्याचा दुकानदारही 'येत नाही' म्हणण्यापूर्वी विचार करील. घालून पाहण्याची आडोशाची जागा आणि विक्रीस बाई, ह्या दोन मागण्याही तेव्हाच ठेवाव्यात.

तिसरी गोष्ट सरकारकडे मागावयाची. २००९ चा वैध मापन कायदा आणि २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम हाताशी आहेत. बिस्किटाच्या पुड्यावर वजन छापावे लागते. ब्रेसियरच्या खोक्यावर 'बरगड्या इतके सेंटिमीटर ते इतके, छाती इतके ते इतके' असे शरीराचे दोन पल्ले छापणे सक्तीचे का नसावे? युरोपच्या प्रमाणमापाची बैठक हीच दोन मापे आहेत. आपल्या कारखान्यांना त्यात अशक्य काही नाही. आकड्याचा खेळ त्याच दिवशी संपेल. त्याबरोबर न वापरलेला नग बदलून देण्याचा नियम हवा. आणि मापांचे राष्ट्रीय तक्ते होतील ते सर्वांना खुले असावेत, व त्यांत खेड्यातले, कष्टाचे शरीर असावे.

ह्यांतली पहिली गोष्ट करण्यास कायद्याची, निधीची किंवा कोणाच्या परवानगीची गरज नाही. येत्या रविवारच्या बैठकीपासून ती सुरू होऊ शकते. सावकाराची पायली तपासून पाहण्याचे धैर्य ज्यांनी केले, त्यांच्या लेकीसुनांनी आता आपल्याच देहाचे माप दुसऱ्याच्या नजरेवर सोडू नये.